अनुभव धागा: लाइन मनातली, इंजिन खरं. तुम्ही कोणतं निवडलंत?

फळीभर जागेत स्वतःच्या मनातल्या रेल्वेचं मॉडेल उभं करणारे आपल्यात बरेच आहेत. स्टेशनाचं नाव आपलं, घाट आपला, वेळापत्रकही आपलंच. इथवर सगळं मजेत चालतं आणि मग गाडं इंजिनापाशी अडतं. लाइन खोटी असली तरी मॉडेलच्या इंजिनाला कुठल्या तरी खऱ्या इंजिनाचा आधार असला की बघणाऱ्याला ती पटते. नाहीतर चाकं लावलेला डबा दिसतो, दुसरं काही नाही.

तर छोटं वाफेचं इंजिन निवडून ज्यांनी बांधलंय किंवा बांधायला घेतलंय, त्यांनी लिहा. खरं इंजिन कुठलं धरलंत, का धरलंत, आणि ते कुठे नडलं? मॉडेल किती देखणं झालं ते फोटोत दिसेलच. निवड कशी झाली ते ऐकायचंय. स्केलवरून (मॉडेल खऱ्यापेक्षा कितीपट लहान, उदा. 1:87) भांडण नको. अगदीच राहवलं नाही तर थोडं चालेल.

*

डोंबिवली

माझी लाइन कर्जतहून भीमाशंकरच्या बाजूला चढते. अर्थात कागदावर. घाट म्हटल्यावर माथेरानशिवाय दुसरं काही डोळ्यांसमोर येईना. 1907 ला सुरू झालेली लाइन, 1:20 चा चढ, आणि त्यावर ओरेन्स्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीची 0-6-0 टँक इंजिनं (आकडे म्हणजे पुढची मोकळी, मधली जोडलेली आणि मागची मोकळी चाकं; टँक म्हणजे पाणी इंजिनावरच). त्यातलं एक नेरळला ठेवलेलं आहे, जाता-येता बघून घ्यावं.

या इंजिनाची खरी गंमत खाली आहे. तीन आस जोडलेले असून ते एवढ्या वळणांवर जायचं कसं? पुढचा आणि मागचा आस क्लिएन-लिंडनर पद्धतीचा: पोकळ नळीला चाकं, आणि नळीच्या पोटात दुसरा आस. वळणावर नळी चाकांसकट थोडी कलते, बाहेरचे रॉड मात्र सरळच फिरत राहतात. नऊ मिलिमीटर रुंदीच्या रुळावर हे कोण करणार! मी उलटं केलं. टोकाचे आस पक्के ठेवले आणि मधल्याला अर्धा मिलिमीटर आडवं सरकू दिलं. तेवढ्यावर इंजिन वळण घेतं.

आता कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो: माथेरान दोन फुटी (दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज) आणि 1:87 मध्ये नऊ मिमी म्हणजे 783 मिमी, जवळपास अडीच फुटी. मान्य. पण माझी लाइन अडीच फुटीच आहे. कॉपेलवाले गिऱ्हाईक सांगेल त्या गेजवर इंजिन बांधून देत होते. माझ्या लाइनीच्या मालकाने अडीच फुटी मागवलं, संपलं.

नडलं कुठे? फ्रेम चाकांच्या बाहेर असल्यामुळे. आसाच्या टोकांना क्रँक (रॉड जोडायचे आखूड दांडे) बसवायचे, आणि डाव्या-उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये बरोबर काटकोन हवा. तीनपैकी एक आस केसभर चुकला तरी इंजिन लंगडत चालतं. पुठ्ठ्यावर काटकोनाचा साचा करून घ्या. डोळ्यांवर भरवसा नको.

*

लीड्स, यूके (माहेर बार्शी)

आजोबांच्या तोंडी कुर्डुवाडी म्हणजे कायम ‘बार्शी रोड’च असायचं, त्यामुळे माझी लाइन कुठली हा प्रश्नच नव्हता. बार्शीहून परांड्याकडे जाणारी, कधीच न झालेली शाखा.

बार्शी लाइट रेल्वे 1897 ची, अडीच फुटी, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरच्या डोक्यातून निघालेली. त्याचा हट्ट असा की कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. म्हणजे हलके रूळ चालतात आणि लाइन स्वस्तात होते. पण इंजिनाला जोर तर हवा, म्हणून भार सहा आसांवर वाटला: 0-8-4 टँक, बांधणारे किटसन, गाव लीड्स. म्हणजे मी आता राहते तिथलेच! बार्शीला सामान जाण्याआधी इथून जवळच न्यूलेला रूळ टाकून चाचणीही झाली होती. हे कळल्यावर दुसरं इंजिन घेणं मला पापच वाटलं असतं.

पण चार जोडलेले आस आणि मागे बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालचा चार मोकळ्या चाकांचा गाडा), हे माझ्या एक फूट त्रिज्येच्या वळणावर बसेना. कागदावर वळण काढून त्यावर इंजिनाचा तळ ठेवून पाहिला, तर मधली चाकं सरळ रुळाबाहेर. तेव्हा कॅलथ्रॉपच मदतीला आला. तो पुढे इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाइनीचाही सल्लागार होता. तीही अडीच फुटी, 1904 ते 1934 चाललेली. तिथली दोन इंजिनं किटसनचीच, 2-6-4 टँक, पुढे भला मोठा दिवा. इंग्लंडच्या हिरवळीत ती परकी वाटतात, बार्शीच्या माळावर अगदी घरची. त्या इंजिनाचं किट इथे सुटं मिळतं आणि खाली एन गेजची (नऊ मिमी रुळाची) चासी, म्हणजे चाकं-मोटरचा तयार तळ, बसते. माझ्या गोष्टीत मॅनिफोल्ड बंद पडल्यावर एक इंजिन बोटीने बार्शीला आलं. तसं झालं नाही. व्हायला हरकत नव्हती, एवढंच.

*

कोथरूड, पुणे

माझं म्हणणं वेगळं आहे. तयार इंजिन घ्या आणि वेळ लाइनीवर घालवा.

जोशींच्या मिनिएचर रेल्वेत (इथलं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन) लहानपणापासून जात आलोय. पोरं तिथे हरखतात ती इतकं सगळं एका वेळी धावताना बघून. इंजिनाचे रिव्हेट मोजत कोणी बसत नाही. मी हॉर्नबी कंपनीचं 1:76 मधलं जुनं 0-4-0 ‘पग’ घेतलं. मूळ इंजिन लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेचं, गोदीत शंटिंग करणारं. माझी लाइन मुंबईच्या काल्पनिक गोदीतली.

पण भारतातला ब्रॉडगेज 1676 मिमी. 1:76 मध्ये त्याला 22 मिमीचे रूळ लागतील आणि माझे आहेत 16.5 चे. मग स्केलच बदललं. 1:100 धरलं की 16.5 मिमी म्हणजे 1650, जवळजवळ आपला ब्रॉडगेज! पगचा सांगाडा त्या मापात एक-तृतीयांशाने मोठा दिसतो, म्हणजे चिमुकल्या इंजिनाचं मध्यम शंटर होतं. फक्त केबिन बदलावी लागते, कारण 1:76 चं दार 1:100 च्या ड्रायव्हरला देवळाच्या महाद्वारासारखं दिसतं. प्लॅस्टिक शीटची नवी बुटकी केबिन, काळा रंग, आणि झालं.

*

ठाणे

दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेचं बी क्लास इंजिन. 1889 पासूनचं, शार्प स्टुअर्ट कंपनीचं, 0-4-0. सगळ्यांना आवडतं म्हणून मी टाळणार होतो, पण त्याच्यावर जेवढी माणसं दाखवता येतात तेवढी कुठल्याच इंजिनावर नाही. पुढे बंपरवर बसून रुळावर वाळू टाकणारे दोघं, बॉयलरवरच्या कोळशाशी एक, आत ड्रायव्हर आणि फायरमन. मला माणसं रंगवायला आवडतात.

वरून पाण्याची टाकी असल्याने मोटर छान लपते. अडचण विजेची, ती रुळांतून चाकांवाटे येते. चारच चाकं रुळावर, त्यातलं एक रूळ बदलायच्या सांध्याच्या प्लॅस्टिकच्या भागावर आणि दुसरं धुळीवर आलं की गाडी ठप्प. मग बोटाने ढकला. उपाय दोन: इंजिनामागचा पहिला डबा कायमचा जोडून टाकायचा आणि त्याच्याही चाकांतून वीज घ्यायची, किंवा डिकोडरला (इंजिनातलं नियंत्रणाचं सर्किट) कपॅसिटर लावायचा म्हणजे क्षणभराची वीज साठून राहते. मी डबाच जोडला. कपॅसिटरला आत जागा कुठे आहे!

कोथरूडकर, पग नवीन असताना बरं चालतं. त्याच्या चाकांवरचा काळा थर पुसत राहा म्हणजे झालं.

*

बारामतीजवळ

आमच्याकडे ऊस, म्हणून लाइन नीरा खोऱ्यातल्या मनातल्या कारखान्याची. दोन फुटी. मी इंजिन आधी निवडलंच नाही, आधी चासी घेतली. काटो या जपानी कंपनीची छोटी चासी मिळाली, ती कॅलिपरने मोजली: दोन आसांमधलं अंतर, चाकाचा व्यास, मोटरची उंची. मग ‘ह्या मापात कुठलं इंजिन बसतं’ हे शोधायला बसलो. खरं दोन फूट व्यासाचं चाक 1:76 मध्ये आठ मिमी होतं. एवढं एक गणित पाठ ठेवलं तरी निम्मी इंजिनं यादीतून आपोआप जातात.

मोटर उंच होती, म्हणून बारीक बॉयलरवाली बाद. राहिलं ते साधं 0-4-0 साइड टँक (दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या), कॉपेलचं. लांब टाक्यांमागे मोटर दिसत नाही. बाहेर वाल्शार्ट गिअर (सिलिंडरमधली वाफ सोडणारे-अडवणारे दांडे) दाखवायचा तर नकली, न हलणारा लावा. दोन फुटांवरून कोणाला कळत नाही, आणि ज्याला कळतं तो सांगत नाही.

गोष्ट काय, तर कारखान्याने इंजिन जुनं विकत घेतलं. त्यामुळे रंग दोन थरांचा: वरचा कारखान्याचा हिरवा, पोपडे उडालेत तिथे खालचा करडा. मिठाचे खडे चिकटवून वरून हिरवा मारायचा, मग खडे खरवडून काढायचे. ट्रॉल्यांत ऊस म्हणून खराट्याच्या काड्या. आईने नवा खराटा मागितलाय, तो आणायचा आहे.

डोंबिवलीकर, एक विचारतो. तुम्ही 1:20 चा चढ फळीवर तसाच ठेवलाय का? माझं इंजिन 1:30 वर चार ट्रॉल्या ओढतं, पाचवी लावली की चाकं जागेवर फिरतात. टाक्यांत शिसं भरून झालंय, आता जागा नाही.

*

डोंबिवली

छे, 1:20 फक्त बोर्डावर लिहिलंय. फळीवर 1:35 आहे. तुमचं शिसं कुठे बसलंय ते बघा. चार चाकांच्या इंजिनात वजन दोन आसांच्या बरोबर मध्ये हवं. टाक्यांच्या पुढच्या भागात जास्त भरलं असेल तर मागची चाकं उचलल्यासारखी होतात आणि इंजिन नीट ओढत नाही. इंजिन पेन्सिलीवर आडवं तोलून बघा, कुठे झुकतं ते लगेच कळेल. पाचवी ट्रॉली त्यानंतर लावा.