अनुभव धागा: फाइलींचा सर्व्हर आणि त्याच्या किल्ल्या

निंबोणी
आज आमच्या ऑफिसातला जुना एफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाइली पाठवायची जुनी, उघडी पद्धत) बंद केला. सगळे एसएफटीपीवर गेले, म्हणजे तेच काम पण एन्क्रिप्ट करून, वाटेत कुणाला वाचता येणार नाही असं. बंद करण्याआधी युजरांची यादी काढली आणि माझी पहिली नोकरी आठवली, म्हणून हा धागा.

एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी पानं लावायचे. रात्री पान पूर्ण झालं की पीडीएफ करून एफटीपीने छपाई केंद्राच्या सर्व्हरवर टाकायचं, तिकडे प्लेट निघायची. त्या सर्व्हरवर युजर एकच. उपसंपादक, आम्ही डीटीपीवाले, तालुक्याचे वार्ताहर, जाहिरात एजन्सीची पोरं, सगळे त्याच नावाने आत. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला मार्करने लिहिलेला. बदलूया म्हटलं की छपाईवाले म्हणायचे, "रात्री कुणाला नवीन कळला नाही तर अंक कोण काढणार?"

एकदा पान ५ च्या जागी आदल्या दिवशीचं पान गेलं. नाव तेच, कुणीतरी वरून टाकलं. गठ्ठे बांधताना एका कामगाराला दिसलं, मशीन थांबवलं, गाड्या उशिरा सुटल्या. सकाळी चौकशी. लॉग (सर्व्हरवर कोण कधी आलं याची नोंद) उघडला तर प्रत्येक ओळीत तेच एक नाव, आणि आयपी कुठल्याशा सायबर कॅफेचा. मग सगळ्यात नवीन मुलाला धरलं. त्याने ते केलं होतं की नाही, हे आजही कुणी सांगू शकणार नाही. बोलणी मात्र त्याने खाल्ली.

म्हणून सर्व्हर माझ्या हातात आला की पहिलं काम एकच: माणसागणिक वेगळं खातं. एन्क्रिप्शन हवं, फायरवॉल हवी, पण आत कोण आलं तेच कळत नसेल तर बाकीच्याचा उपयोग अर्धाच. तुमचे अनुभव लिहा. कसं बसवलंत, कुठे अडलं, काय सापडलं.

खडूफळा
बिचारा पोरगा. वाचून वाईट वाटलं.
आमच्या कॉलेजात लॅबच्या सरांनी वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा मजकूर दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून दाखवलं होतं. एका मुलाला एफटीपीने लॉगिन करायला सांगितलं आणि प्रोजेक्टरवर यूजर, पुढे नाव, पास, पुढे पासवर्ड, सगळं सरळ वाचता येत होतं. वर्ग एकदम गप्प. मग तेच एसएफटीपीने केलं तर नुसता गिचमिड मजकूर. पुस्तकातली दहा पानं वाचून जे कळलं नसतं ते तेवढ्यात कळलं.

चहाबिस्किट
वाचतेय. कुकर लागलाय, रात्री लिहिते.

रानजाई
निंबोणीताई, अगदी मनातलं. आमच्याकडे बाहेरचे डिझायनर फाइली टाकतात. प्रत्येकाने फक्त आपलं फोल्डर बघावं एवढीच अपेक्षा. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत, एसएफटीपी त्यावरच चालतं) आधीच होतं, म्हणून वेगळा सर्व्हर न टाकता त्यातलाच इंटर्नल-एसएफटीपी वापरला. एक ग्रुप केला, सेटिंगमध्ये मॅच ग्रुपखाली चरूट डिरेक्टरी दिली (माणूस त्या फोल्डरच्या बाहेर जाऊ शकत नाही), फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी, टीसीपी फॉरवर्डिंग नो. म्हणजे माणूस फाइल टाकू शकतो, पण शेल (सर्व्हरवर कमांड चालवायची जागा) मिळत नाही आणि आमच्या सर्व्हरचा बोगदा करून आतल्या नेटवर्कमध्ये शिरताही येत नाही. ही फॉरवर्डिंगची ओळ बरेच जण गाळतात. प्लीज गाळू नका.

आणि जिथे सगळे अडकतात ते सांगते. लॉगिन होतं आणि लगेच कनेक्शन तुटतं. क्लायंटवर काहीच कळत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं असतं, बॅड ओनरशिप ऑर मोड्स. चरूटचं फोल्डर आणि त्याच्या वरची प्रत्येक पायरी रूटच्याच (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या) मालकीची लागते, ग्रुपला किंवा इतरांना लिहायची मुभा चालत नाही. लोक वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देतात आणि आणखी बिघडतं. त्याच्या आत एक 'अपलोड' फोल्डर करायचं, ते युजरच्या नावावर. झालं.

सेटिंग बदललं की रीस्टार्टच्या आधी एसएसएचडी मायनस टी चालवून तपासायचं, आणि एक सेशन उघडं ठेवायचं. नाहीतर दूरच्या सर्व्हरला कुलूप लावून किल्ली आत.

खडूफळा
७७७ वाल्यांना दंड ठेवा, ग्रुपला चहा पाजायचा :)

कडेकपारी
सगळ्यांनाच एसएफटीपी जमत नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाला एफटीपीएसच (एफटीपीलाच टीएलएसचं एन्क्रिप्शन लावलेलं) हवं होतं, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढंच. टीएलएस लावलं, सर्टिफिकेट बसवलं. लॉगिन झकास आणि फोल्डरची यादी मागितली की लटकलं. साधं एफटीपी होतं तेव्हा फायरवॉल २१ नंबरच्या पोर्टवरचं (पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांकित दरवाजा) बोलणं वाचून पुढचा पोर्ट आपोआप उघडत होती. आता ते बोलणंच एन्क्रिप्टेड, मग तिला काय कळणार? पॅसिव्हसाठी (फाइल कुठल्या पोर्टवरून जाईल ते सर्व्हर सांगतो, ती पद्धत) ४०००० ते ४०१०० एवढीच रेंज सर्व्हरवर ठरवून दिली आणि तेवढीच फायरवॉलवर उघडली, की चाललं. गिऱ्हाइकाचा माणूस म्हणत होता १०२४ पासून वरचं सगळं उघडा. आमचे साहेब ठाम नाही म्हणाले. त्यांचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

पाटावरवंटा
थोडं अवांतर. एफटीपीचा पहिला मसुदा लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये लिहिला, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). तेव्हा अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, मोजकीच यंत्रं होती, चोरून ऐकणारं कोणी असेल ही काळजीच नव्हती. आपण हल्ली एफटीपीला नावं ठेवतो, पण त्या माणसाचं काम इतकी वर्षं जगभर चाललं याचा अभिमान वाटतो.
एसएसएच १९९५ चं, फिनलंडमधल्या तातू युलोनेन यांचं. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्यातून निघालं. २१ एफटीपीचा, २३ टेलनेटचा, मधला २२ मोकळा होता, तो मागून घेतला.

खडूफळा
अरे वा! भूषण यांचं माहीत नव्हतं. उद्या वर्गात सांगतो.

सांजवात
निंबोणी, कुठली जिल्हा आवृत्ती हो? माझे बाबा छपाईला होते, रात्रपाळी. पहाटे शाईचा वास घेऊन घरी यायचे. पान चुकून गेलं की दोन दिवस जेवायचे नाहीत नीट.

निंबोणी
सांजवात, नाव नको लिहायला, व्यनि (खाजगी निरोप) करते. पण तुमच्या बाबांसारख्याच एकाने त्या रात्री पान पकडलं होतं.

हिशेबनीस
आमचा पगार एसएफटीपीने बँकेकडे जातो, म्हणून माझा जीव यात अडकलेला असतो. फाइल आधी पीजीपीने (फाइल एन्क्रिप्ट करायचं साधन) बंद होते, मग जाते. पासवर्ड नाहीच, किल्लीची जोडी (एक गुप्त, एक पब्लिक), ईडी२५५१९ प्रकारची. आपली गुप्त किल्ली ईमेलने कुणालाही द्यायची नाही, बँकेलासुद्धा. द्यायची ती पब्लिक.

आणि पहिल्यांदा जोडताना "हा सर्व्हर ओळखीचा नाही, पुढे जाऊ का?" असं येतं तिथे लोक न वाचता येस करतात. मी फोन लावला. बँकेच्या बाईंनी त्यांच्या सर्व्हरच्या किल्लीचं फिंगरप्रिंट (ओळखखूण) एकेक अक्षर वाचून दाखवलं, "कॅपिटल के, स्मॉल क्यू, सात", मी इकडे बोट ठेवून जुळवत होतो. त्याही न कंटाळता शेवटपर्यंत वाचत होत्या. जुळलं, मगच येस.

माणूस नोकरी सोडून गेला की त्याची किल्ली त्याच दिवशी काढा. निंबोणीताईंचा मुद्दा इथेच पटतो. एकच खातं असेल तर काढणार काय?

कडेकपारी
+१. शिवाय ओपनएसएसएच (एसएसएचचं नेहमीचं सॉफ्टवेअर) ८.८ पासून जुन्या, आता कमकुवत ठरलेल्या शा-१ पद्धतीच्या आरएसए किल्ल्यांच्या सह्या मुळातच बंद आहेत. सर्व्हर अपडेट केल्यावर एखाद्या जुन्या क्लायंटची किल्ली अचानक नाकारली गेली तर आधी हे बघा. जुनं परत चालू करण्यापेक्षा क्लायंट बदलायला लावा.

माळरान
सॉफ्टवेअर कुठून उतरवता तेही बघा. २०११ मध्ये व्हीएसएफटीपीडी (एफटीपी सर्व्हरचं सॉफ्टवेअर) २.३.४ च्या मूळ डाउनलोडमध्येच कुणीतरी चोरदार घातलं होतं. युजरनेममध्ये हसरा चेहरा टाकला, कोलन आणि कंस, की ६२०० नंबरच्या पोर्टवर रूटचं शेल उघडायचं. सही तपासली असती तर कळत होतं. २०२३ चं मूव्हइट (फाइली पाठवायचं सॉफ्टवेअर) प्रकरणही तसंच. महागडं सॉफ्टवेअर, वेबच्या बाजूने एसक्यूएल इंजेक्शन (डेटाबेसला फसवा हुकूम घुसवणं), आणि जगभरच्या संस्थांचा डेटा क्लॉप टोळीकडे. फाइल उचलली गेली की सर्व्हरवरून काढून टाका. जे तिथे नाहीच ते कोण चोरणार?

चहाबिस्किट
आले. जेवणं आवरली. माझा प्रश्न आहे, अनुभव नाही. आमच्या दवाखान्यातला स्कॅनर फक्त साधं एफटीपी बोलतो. पेशंटचे कागद असतात. नवीन मशीन डॉक्टर इतक्यात घेणार नाहीत. काय करू?

रानजाई
अगं, घाबरू नको. स्कॅनर आणि एक छोटा सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनवर (स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) घाल, त्याला इंटरनेट द्यायचं नाही. स्कॅनरचं खातं फक्त टाकण्यापुरतं. व्हीएसएफटीपीडी असेल तर डाउनलोड एनेबल नो, डिर लिस्ट एनेबल नो. कुणी तो पासवर्ड ऐकला तरी कागद वाचता येणार नाहीत. हां, वाटेत जाणारा कागद उघडाच असतो, म्हणून ती वायर दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये. मग दर पाच मिनिटांनी फाइली तिथून उचलून आतल्या सर्व्हरवर एसएफटीपीने.

चहाबिस्किट
व्हीलॅन आमच्या स्विचला जमतं का बघते. थँक्यू गं.

हिशेबनीस
लॉगचंही बघा. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत, आणि काही घडलं तर सहा तासांत कळवायचं. आमच्या ऑडिटरने पहिलं तेच मागितलं. चरूटमध्ये मात्र कुणी कुठली फाइल उचलली ते लॉगमध्ये येतच नाहीये, काय करावं?

रानजाई
फोर्सकमांडच्या ओळीत इंटर्नल-एसएफटीपीच्या पुढे मायनस एल इन्फो लिहा. तरी आलं नाही तर चरूटच्या आत डेव्ह लॉगचं सॉकेट लागतं, ते आरसिसलॉगला (लॉग गोळा करणारं सॉफ्टवेअर) सांगून करता येतं.

हिशेबनीस
आलं! उघडली, बंद केली, किती बाइट, सगळं नावासकट.

सांजवात
निंबोणी, व्यनि मिळाला. बाबांना वाचून दाखवला. ते विचारतायत, त्या मुलाचं पुढे काय झालं?

निंबोणी
तो दुसऱ्या पेपरात गेला. आता तिथे उपसंपादक आहे.