विषयांची विविधता हवीच का?

सोलापूरसारख्या कोरड्या शहरात निसर्गचित्रकाराला आयुष्यभर पुरेल असा विषय नाही, त्यासाठी कोकणच गाठावे लागते, हे या चर्चेत मांडले गेलेले मत मला पटत नाही. फ्रेंच चित्रकार सेझानने आपल्या गावाजवळचा सँत व्हिक्त्वार हा एकच डोंगर अनेक वर्षे पुन्हा पुन्हा रंगवला आणि १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये उघड्यावर चित्र काढताना पावसात भिजल्यानंतर काही दिवसांतच त्याचे निधन झाले. आपल्याकडे चित्रकार आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊनही कोल्हापुरात परतून कोटितीर्थ तलावाचा परिसर रंगवण्यात आयुष्य वेचले.

सोलापुरातली खरी अडचण विषयाची नसून उन्हाची आहे, आणि तिच्याबद्दल या चर्चेत कोणीच लिहिलेले नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून भुईकोट किल्ल्याची तटबंदी रंगवतात. एप्रिल-मे महिन्यांत जलरंगाचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, कुंचला उचलेपर्यंत वाळतो आणि मध्येच कड धरतो, म्हणून ते कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर चिकटवतात. मागचा ओलावा टिकून राहिल्याने रंग पसरवायला थोडी उसंत मिळते. आकाशासाठी तयार निळा रंग तर ते त्या दिवसांत उघडतच नाहीत. धुळीने भरलेले आमचे उन्हाळी आकाश पिवळट राखाडी असते आणि ते तसेच उतरवणे, निळे आकाश रंगवण्यापेक्षा, माझ्या मते पुष्कळच अवघड आहे.