इंग्लंडच्या जुन्या पोथ्यांतले राजे सगळे एकसारखेच का दिसतात?

पेठेतला_ड्रॉइंगसर
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातच एका शाळेत ड्रॉइंग शिकवतो. परवा नववीच्या पोरांना प्रोजेक्टरवर इंग्लंडच्या जुन्या पोथ्यांतली चित्रं दाखवत होतो, छापखाना यायच्या आधीच्या, कातड्यावर हाताने लिहिलेल्या, सोन्याने मढवलेल्या. त्यात सेंट ऑल्बन्स मठातल्या मॅथ्यू पॅरिस नावाच्या साधूने १२५० च्या दशकात केलेलं एक पान आहे. चार चौकटी, चार राजे सिंहासनावर बसलेले, दुसरा हेन्री, पहिला रिचर्ड, जॉन आणि तिसरा हेन्री. खरं तर बाप, दोन मुलं आणि नातू, पण मागच्या बाकावरनं एक पोरगं म्हणालं, "सर, हे चौघं जुळे हाईत काय?" प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

माझे वडील बोर्ड रंगवायचे. चेहरा उतरला नाही तर गिऱ्हाईक बोर्ड परत पाठवायचं, त्यामुळं चित्र म्हणजे आधी चेहरा हेच डोक्यात बसलंय. मग या लोकांना चेहरा जमत नव्हता की काढायचाच नव्हता?

रंकाळा_संध्याकाळ
सर, चेहरा सोडा, हात बघा. त्या पानावर प्रत्येक राजाच्या हातात एक छोटंसं चर्च आहे, खेळण्याएवढं. जॉनच्या हातात ब्यूली मठ, कारण तो त्यानं उभा केला. तिसऱ्या हेन्रीच्या हातात वेस्टमिन्स्टर ॲबी, ती त्यानं १२४५ पासून नव्यानं बांधायला काढली होती. म्हणजे वाचणारा साधू नाकडोळे बघून राजा ओळखतच नव्हता, यानं देवाला काय दिलं ते बघून ओळखत होता, शिवाय नाव लिहिलेलं असायचंच.

आणि जमत नव्हतं म्हणावं तर मॅथ्यूनं तिसऱ्या हेन्रीला अगदी जवळनं बघितलेलं. १२४७ मधे एका उत्सवात राजानं त्याला बोलावून जवळ बसवलं आणि आज इथं घडलं ते सगळं लिहून ठेव म्हणून सांगितलं. १२५७ मधे राजा आठवडाभर त्याच्याच मठात मुक्कामाला होता, जेवणाच्या टेबलावर हा बरोबर. एवढं एका पंगतीला बसलेला माणूस, तरी चित्रात राजा बाकीच्या तिघांसारखाच. या हेन्रीची एक पापणी खाली लोंबायची असं पुढं निकोलस ट्रिव्हेट नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय, म्हणजे लोकांच्या नजरेत ते बसत होतं, पण राजाच्या चित्रात ते यायला पाहिजे असं कुणाला वाटत नव्हतं. आपल्याकडं देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती आयुधावरनं ओळखतात ना, तसंच धरा.

चपलांचं_घर
मला राजांचं फार कळत नाही पण कातड्याचं कळतं, आमच्या तीन पिढ्या यातच गेल्या, म्हणून लिहितो. सर, पोरांना सांगताना 'चामड्यावर लिहिलं' असं सांगू नका, पोरांच्या डोळ्यापुढं चप्पल येईल. आम्ही हिरडा नि बाभळीची साल घालून कातडं कमावतो, मग ते लाल-तपकिरी होतं, मऊ राहतं, पाण्याला टिकतं. पोथीचं कातडं कमावतच नाहीत. वासराचं नाहीतर मेंढराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस काढायचे, मग लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी चारी बाजूंनी ताणायचं आणि ताणलेलं असतानाच अर्धचंद्रासारख्या सुरीनं खरवडायचं, तसंच वाळू द्यायचं. ते पांढरट, ताठ, हलगीच्या पानासारखं होतं. हलगी म्हटलं की आपल्या पोरांना लगेच समजेल. एका जनावरामागं पानं थोडीच निघतात त्यामुळं जाड पोथी म्हणजे आख्खा कळप गेला. असल्या महाग पानावर माणूस उगाच काहीतरी काढणार नाही, जे काढलं ते विचार करूनच काढलं असणार.

माई_शाहूपुरी
राण्यांचं पण सांगा हो पोरांना. विंचेस्टरच्या न्यू मिन्स्टर मठाच्या पोथीत १०३१ च्या सुमाराचं चित्र आहे, राजा कनूट आणि राणी एमा मठाला मोठा सोन्याचा क्रॉस देताहेत. कनूटचा एक हात क्रॉसवर, दुसरा तलवारीच्या मुठीवर. तो डेन्मार्कचा, इंग्लंड जिंकून घेतलेला, आणि देवापुढं उभा असतानाही तलवार सुटत नाही, मला ते बघून दरवेळी थांबायला होतं. वरनं देवदूत त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय आणि दुसरा एमाच्या डोक्यावर पदरासारखं वस्त्र. एमा ख्रिस्ताच्या उजव्या हाताला आहे, ती मानाची बाजू, आणि तिच्या वरच्या अंगाला मेरी. चेहऱ्यावरनं एमा कोण होती ते काही कळत नाही, पण तिला कुठं उभं केलंय यावरनं सगळं कळतं. जागा कुणाला कुठली मिळाली हे आपल्याला लग्नातल्या फोटोवरनं पण कळतंच की.

त्याच मठाची ९६६ ची सनद पण दाखवा. सगळा मजकूर सोन्यानं लिहिलाय आणि राजा एडगर जवळपास आपल्याकडं पाठ करून, मान मागं टाकून ती सनद वर ख्रिस्ताला दाखवतोय. राजाचं चित्र आणि राजाची पाठ!

कलानगरीकर
रंकाळा भावा, तुझं तेराव्या शतकापुरतं पटतं, पण सगळ्याला लावू नको. १३९० च्या दशकात दुसऱ्या रिचर्डचं वेस्टमिन्स्टर ॲबीतलं चित्र बघ, पोथीतलं नाही, लाकडावरचं, २ मीटरहून उंच. लांबट तोंड, हनुवटीवर दोन फाट्यांची विरळ दाढी, हा कुणी एक ठराविक माणूस आहे हे लगेच जाणवतं.

रंकाळा_संध्याकाळ
मान्य. पण त्याच रिचर्डचं त्याच दशकातलं विल्टन डिप्टिक बघितलंस का, पुस्तकासारखं मिटणारं दोन फळ्यांचं चित्र? तिशीच्या आसपासचा राजा आणि दाढी नसलेलं कोवळं पोरगं दाखवलंय. मग ओळखायचं कसं, तर अंगावर पांढऱ्या हरणाचा बिल्ला, ती त्याची खूण. चेहरा यायला लागला पण खूण काही सुटली नाही.

कलानगरीकर
हे मात्र बरोबर. आणि शेवटचं टोक म्हणजे आठवा हेन्री. १५४० च्या सुमाराला झाँ मालार नावाच्या फ्रेंच माणसानं त्याच्यासाठी स्तोत्रांची पोथी केली. त्यात हेन्री वीणेसारखं हार्प घेऊन बसलाय, म्हणजे तो बायबलमधला स्तोत्रं रचणारा दावीद राजा, पण चेहरा, अंगकाठी, दाढी सगळं हेन्रीचंच, शेजारी त्याचा विदूषक विल सोमर. दोन्ही गोष्टी एका चित्रात. आणि समासात हेन्रीनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. 'मी तरुण होतो आणि आता म्हातारा झालो आहे' या ओळीशेजारी त्यानं लॅटिनमधे लिहिलं, दुःखाचं बोलणं. पन्नाशीला टेकलेला माणूस. माझ्या मते त्याचं खरं पोर्ट्रेट ते दोन शब्द आहेत.

पेठेतला_ड्रॉइंगसर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात तेच पान परत लावलं, चेहऱ्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि सांगितलं, फक्त हात बघा. मग प्रत्येकाला घरातल्या एका माणसाचं चित्र काढायला लावलं, चेहरा कसाही चालेल, हातात काय द्यायचं ते मात्र विचार करून. त्या मागच्या बाकावरच्या पोरानं आजोबा काढलेत. तळहातावर आख्खं गुऱ्हाळ धरलंय, कढई, चिमणी, चिमणीतनं धूर, बाजूला उसाची मोळी, सगळं खेळण्याएवढं. खाली नाव लिहिलंय आणि नावाला सोनेरी स्केचपेन.

आता पोरं विचारताहेत खरं सोनं कसं लावायचं. लेपावर तोंडाची वाफ सोडून तो ओलसर करायचा, वर्ख बसवायचा आणि अकीकाच्या दगडानं नाहीतर कुत्र्याच्या दातानं घासून ओप द्यायची एवढं वाचलंय. शनिवारी गुजरीत, सराफांच्या पेठेत जाऊन ओप द्यायचा अकीक मिळतो का बघतो. कुणी यायला तयार असेल तर सांगा.