वडिलोपार्जित जमीन-घर, वारसनोंद, टॅक्स: तुमचे अनुभव

पाऊसवेडी
काल शेजारच्या काकू सातबारा घेऊन आल्या, "यात माझं नाव कुठंय बघ गं." नाव नव्हतंच. वारलेल्या सासऱ्यांचंच अजून. आमची देवरुखजवळची कलमांची बाग विकतानाचं सगळं आठवलं. आजोबा कधीच गेलेले, उताऱ्यावर मात्र ठाण मांडून! गिऱ्हाईक तयार, तलाठी म्हणतो आधी वारसाचा फेरफार (उताऱ्यावरच्या नावातला बदल) टाका, नोटिशीचे पंधरा दिवस जाऊ द्या, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतील. मग हक्कसोडीच्या (आपला हिस्सा सोडून दिल्याच्या) सहीसाठी बाबा नि काका आत्याकडे गेले, पैठणी घेऊन. आत्याने घडी न मोडता पिशवी परत सरकवली. "साडी राहू दे, माझा हिस्सा किती ते सांग." बाबा आठवडाभर धुमसत होते, मला मात्र आत्या जाम आवडली. शेवटी खरेदीखतावर तिचीही सही झाली आणि तिच्या नावाचा चेक निघाला. लिहा तुमचंही.

लेकुरवाळी
आत्यांना साष्टांग!! आमच्याकडे अजून "लग्नात दिलं की सगळं". 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला भावाला, वडील मुलींना समान हक्क देणाऱ्या 2005 च्या कायद्याआधी गेले असले तरी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मापासून हक्क, आधी रीतसर वाटणी झालेली नसेल तर. तेव्हापासून राखीला फोन येत नाही. बरंय, मिठाईचे पैसे वाचले. कुकर झालाय, नंतर येते.

खडूस_काका
पैठणी गेली कुठे मग?

पाऊसवेडी
काकूने नेसली की काका :D

जर्सीकर
आईचा कोथरूडचा फ्लॅट आम्ही दोघा भावंडांनी विकला. दादाच्या वाट्याचा 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) कापून खरेदीदार मोकळा. मी एनआरआय, माझा मात्र वाट्याच्या पूर्ण रकमेवर दणदणीत कापायचा, नफा कितीही असो. आयकर खात्याकडून कमी कपातीचं सर्टिफिकेट व्यवहाराआधीच काढा, नाहीतर रिटर्न भरून रिफंडची वाट बघत बसा. पॉवर ऑफ अॅटर्नीसाठी कॉन्सुलेटच्या चकरा, ते रामायण वेगळंच.

आकडेमोड
घाईत लिहितोय. वारसाने मिळालं म्हणून टॅक्स नाही, इस्टेट ड्यूटी (वारशावरचा कर) 1985 लाच गेली. विकल्यावर नफ्यावर लागतो. खरेदी किंमत आजोबांची धरायची, 2001 च्या आधीची मिळकत असेल तर 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव, पण त्या दिवसाच्या सरकारी दराच्या वर नाही. मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या. 23 जुलै 2024 पासून दर 12.5 टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. त्याआधी घेतलेल्या मिळकतीला 20 टक्के अधिक इंडेक्सेशन हा पर्याय आहे, पण फक्त इथल्या रहिवाशांना. जर्सीकर, तुम्हाला नाही. पाऊसवेडी, तुमची बाग शहराच्या हद्दीपासून लांब असेल तर ती शेतजमीन कॅपिटल गेनमध्ये (विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्समध्ये) येतच नाही.

जर्सीकर
आमच्याच नशिबी सगळं.

शेवग्याची_शेंग
माझं जरा वेगळं. मिस्टर गेले, मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी मी, वाटलं झालं. वकीलबाई म्हणाल्या नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस मी, मुलगा आणि सासूबाईसुद्धा. आईचा वाटा कुणाच्या लक्षातच येत नाही! त्याही वर्षभरात गेल्या. त्यांचा वाटा मग दीर-नणंदांकडे, आणि थोडा माझ्या मुलाकडेही. आता माझ्याच स्वयंपाकघरात नणंदेची मालकी. ती बिचारी हक्कसोड देते म्हणते, दीर मात्र "बघू" म्हणतात. हे "बघू" फार वाईट.

लेकुरवाळी
अगं शेंगे 🙁 फोन करते रात्री.

म्हापशेकार
आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. नवऱ्याच्या मिळकतीत बायको अर्धी, तिच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. मुलांना डावलून सगळं मृत्युपत्रात कुणा एकाला देता येत नाही, फक्त अर्धं आपल्या मर्जीचं. म्हणून भांडणं नाहीत असं समजू नका. वारस लिस्बनपासून दुबईपर्यंत पांगलेले, एक इन्व्हेंटरी दावा (वारसांतल्या वाटणीचा) कोर्टात चालूच आहे, आणि घराच्या कौलांवर पिंपळ.

खडूस_काका
पिंपळही वारस लावा.
पाऊसवेडी, बाग घेतली त्याच्याकडे यंदा हापूस मिळेल का? भाव विचारून सांग.