गेमिंग लॅपटॉप उघडायचाय: रॅम, एसएसडी, पेस्ट... आधी काय?

मुठाकाठ:
मंडळी, लॅपटॉप आय५-११४००एच, आरटीएक्स ३०५० (४ जीबी). रॅम ८ जीबी, एकच स्टिक, डीडीआर४. ५१२ जीबीचा एनव्हीएमई ड्राइव्ह (वेगवान प्रकारची एसएसडी) भरत आलाय. गेम सुरू केला की थोड्याच वेळात प्रोसेसर ९५-९७ अंशांवर जातो, फ्रेम धाडकन पडतात, परत चढतात. वॉरंटी संपलीय. आतून कधीच साफ केलेला नाही आणि घरासमोर बांधकाम चालू आहे. रॅम १६ जीबी, १ टीबी एसएसडी आणि नवी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वाहून नेणारी) हे एकाच बैठकीत उरकावं का?

खटपट्या:
नको. तिन्ही एकदम बदललं आणि मशीन चालूच झालं नाही, तर दोष कुठे ते शोधत बसाल. आधी धूळ आणि रॅम, ते नीट चाललं की एसएसडी. पेस्टला सगळ्यात शेवटी हात लावा, तोही गरज उरली तरच.

उघडण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन पुष्कळदा आपोआप चालू झालेलं असतं, लोकांना पत्ताच नसतो. मग शिफ्ट दाबून शट डाऊन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे मशीन पूर्ण बंद होत नाही.

स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरून तळहाताच्या जागी फुगवटा येतो. पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढा आणि स्क्रू त्या-त्या जागी टोचून ठेवा. झाकण प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने सोडवा, स्टीलची पट्टी नको. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. वायर धरून ओढू नका, कनेक्टरची कड धरून हळूहळू सरकवा. मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, आधी ती बदला.

रॅम ३२०० ची, १.२ व्होल्टची लॅपटॉप स्टिक घ्या. लेबलवर १आरएक्स८ (स्टिकवरच्या चिपची मांडणी) लिहिलंय का बघा. ८ जीबीच्या स्वस्त स्टिक बऱ्याचदा १आरएक्स१६ असतात, त्या गेममध्ये थोड्या मागे पडतात. ८ जीबीच्या जोडीला १६ घातली तरी चालते: पहिले ८+८ ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही स्टिक एकाच वेळी) आणि उरलेले ८ सिंगलमध्ये. सध्या तुमची रॅम एकाच चॅनलवर आहे, त्यामुळे दुसरी स्टिक घातल्यावर सगळ्यात जास्त फरक इथेच दिसेल.

फॅनवाला:
वर पेस्ट शेवटी सांगितलीय ते अगदी बरोबर. न उघडलेल्या मशीनमध्ये खरा अडथळा बहुतेक वेळा फॅन आणि हीटसिंकची (चिपची उष्णता खेचणारा धातूचा भाग) जाळी यांच्यामध्ये असतो. तिथे धूळ आणि केस मिळून नमद्यासारखी पट्टी जमते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती आत सुटते किंवा आणखी दाबली जाते. फॅनचे स्क्रू काढून फॅन उचला आणि पट्टी चिमट्याने अख्खी ओढून काढा. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा फॅन भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, स्टॅटिकचा धोका असतो. बांधकामाची धूळ पावसाळी हवेत पात्यांवर घट्ट बसते, तिला मऊ ब्रश आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोलच लागतं.

मग एचडब्ल्यूइन्फो६४ (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये बघा. त्याच गेममध्ये, त्याच सेटिंगवर तापमान अजून ९५ च्या वर असेल, तरच हीटसिंक काढा. स्क्रूंजवळ आकडे छापलेले असतात. सैल करताना उलट क्रम, घट्ट करताना सरळ, आणि प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं, म्हणून मधोमध ठिपका ठेवून भागत नाही. चिपचा सगळा पृष्ठभाग पातळ थराने झाकला गेला पाहिजे. पातळ पेस्ट गरम-गार होता-होता कडेला सरकते. दाट पेस्ट किंवा पेस्टऐवजी लावायची पीटीएम७९५० ची शीट घ्या. शीट साधारण ४५ अंशांना मऊ होते आणि काही वेळा तापल्यावरच नीट बसते, त्यामुळे पहिल्या दिवशीचे आकडे बघून निराश होऊ नका.

खरी गडबड होते ती थर्मल पॅडमध्ये (उष्णता वाहणारे मऊ तुकडे). ०.५, १, १.५ मिमी अशा जाडी असतात आणि एकाच हीटसिंकवर वेगवेगळ्या लागतात. जाड पॅड लावला तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही, तापमान आधीपेक्षा वाढतं. पातळ लावला तर व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) उघडी पडते. जुने पॅड अखंड असतील तर तेच राहू द्या. चिपवर पाऱ्यासारखा चकचकीत द्रव दिसला तर ते लिक्विड मेटल. त्यातून वीज वाहते आणि ते ॲल्युमिनियम खातं. अनुभवी माणसाकडेच द्या.

पेठकर:
एसएसडीबद्दल. दुसरा स्लॉट असेल तर विंडोज जुन्यावरच राहू द्या आणि गेम नव्यावर हलवा, क्लोनची (जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल) कटकट टळते. स्लॉट एनव्हीएमई आहे की फक्त साटा (जुना, हळू प्रकार), ते मॅन्युअलमध्ये बघा. जेन३ (तिसऱ्या पिढीच्या) स्लॉटमध्ये जेन४ ड्राइव्ह चालतो, वाचनाचा वेग सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास थांबतो. चिप एकाच बाजूला असलेला २२८० (२२ x ८० मिमी) ड्राइव्ह घ्या, जागेला बसायला अडचण येत नाही. एम२ चा बारीक स्क्रू ड्राइव्हसोबत पुष्कळदा येत नाही, तो आधीच मिळवा. अल्कोहोल, चिमटा, स्क्रूड्रायव्हर यांसाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीत एक चक्कर पुरे.

मुठाकाठ:
धन्यवाद! रॅम बसवल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर?

खटपट्या:
आधी चार्जर लावा. बॅटरी काढून जोडल्यावर बरेच लॅपटॉप चार्जरशिवाय जागे होत नाहीत. पहिल्यांदा रॅमची तपासणी चालते, दोन-तीन मिनिटं वाट बघा, मधेच बंद करू नका. तरीही काळी असेल तर बॅटरी सोडवून स्टिक तिरकी, साधारण ३० अंशांत, सोनेरी दात जवळपास दिसेनासे होईपर्यंत आत सारा आणि दोन्ही क्लिपांचा टक आवाज येईपर्यंत दाबा. मग एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये घालून बघा. चालू झालं की मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चे चारही पास रात्रभर लावा. एक जरी चूक दाखवली तरी स्टिक परत करा, त्यामुळे पाकीट आणि बिल टाकू नका.