आठ लाखांच्या अलीकडे आणि पलीकडे: शुल्कसवलतीचे अनुभव

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतील व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्य शासन जी शुल्कसवलत देते, तिच्या उत्पन्नमर्यादेविषयी नाशिक जिल्ह्यातील पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत.

सातपूर, पालक:
मी औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. मुलगा अभियांत्रिकीला असून खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू महाराज योजनेतून त्याला पहिल्या वर्षी निम्मे शिक्षणशुल्क मिळाले. पुढे वेतनकराराची थकबाकी एकरकमी हाती आली, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या किंचित पुढे गेले आणि सवलत पूर्णपणे थांबली. मर्यादा ओलांडल्यावर ती टप्प्याटप्प्याने कमी व्हायला हवी. काठावरच्या पगारदाराला वाढीपेक्षा शुल्कच जड जाते. अर्थात २०१६ पर्यंत ही मर्यादा अवघी १ लाख होती, हेही नोंदवले पाहिजे.

निफाड, विद्यार्थिनी:
आम्ही इतर मागास वर्गातले, घरी द्राक्षबाग. नॉन-क्रीमी लेयरच्या, म्हणजे प्रवर्गातील सधन गटात नसल्याच्या, दाखल्यासाठी शेतीचे उत्पन्न मोजत नाहीत, शुल्कसवलतीसाठी तहसीलदारांचा जो उत्पन्नाचा दाखला लागतो त्यात मात्र ते धरले जाते. त्यामुळे पहिला दाखला हाती असला म्हणजे काम झाले, असे समजून चालत नाही. गारपिटीच्या वर्षाचा आणि चांगल्या भावाच्या वर्षाचा आकडा सारखा कसा असेल, हे सेतू केंद्रात कोणाला समजावणार? भावाला निम्मेच शुल्क मिळाले होते. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने ८ लाखांच्या आतील मुलींचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले, त्याचा लाभ मला मिळाला. विकासशुल्क व बसभाडे भरावेच लागते.

सिडको, पालक:
उत्पन्न मर्यादेच्या बरेच आत असूनही मुलीला काही मिळाले नाही, कारण तिचा प्रवेश संस्थास्तरावरचा, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः दिलेला, होता. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशफेरीतूनच झालेला असावा लागतो.

नाशिकरोड, विद्यार्थी:
अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख आहे. वडिलांचे उत्पन्न त्याहून अधिक असल्याने निर्वाहभत्ता मिळत नाही, तथापि फ्रीशिप या शुल्कमाफी योजनेतून शिक्षणशुल्क माफ होते. महाविद्यालयाने तरीही ‘आधी सगळे भरा, शासनाचे पैसे आले की परत करू’ असे सांगितले. ही मागणी लेखी द्यावी, अशी विनंती वडिलांनी केल्यावर लिपिकाने महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरील अर्जाची पावती घेऊन प्रवेश निश्चित केला.