बाबांना सीटवरून उतरताना कंबर धरून उभं राहावं लागतं, ड्रायव्हर लोकांनी प्लीज सांगा

बसवाल्याची_लेक:
बाबा ५२ चे, २४ वर्षं प्रवासी बस चालवतायत. परवा ड्युटी सुटल्यावर मी आणायला गेले तर त्यांनी दांडा धरून डावा पाय खाली टेकवला आणि तसेच वाकून उभे राहिले, मी हात पुढे केला तर म्हणाले थांब जरा, कंबर सुटू दे. कळ पार पोटरीपर्यंत जाते म्हणे. बीपीची गोळी चालू आहे, दोन वेळा वाढवलीय तरी कमी होत नाही. डॉक्टर म्हणतात आराम करा, पण रजा घेतली की पगार कापतात. या कामामुळेच होतं का हे? आणि काम न सोडता काय करता येईल?

स्टेअरिंग_१९वर्षं:
ताई, आधी विचार बाबा ड्युटीवर पाणी पितात का. आम्ही बहुतेक जण पीत नाही, मध्ये थांबायला मिळत नाही, टॉयलेट धड नसतं, म्हणून सकाळपासूनच पाणी टाळायचं आणि लघवी आली तरी दाबून धरायची. मला मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला. आता प्रत्येक फेरीला चार घोट पितो आणि फेरी संपली की आली असो नसो जाऊन येतो. आणि मागच्या खिशातलं पाकीट काढायला लाव, मी कित्येक वर्षं जाड पाकिटावर तिरका बसत होतो, पायाला मुंग्या यायच्या, ते कप्प्यात ठेवायला लागल्यापासून खूप फरक आहे.

फिजिओ_मी:
हो, कामामुळे होतं हे. नुसतं बसणं नाही, गाडीची थरथर. सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी वरखाली थरथर मणक्याला सगळ्यात जास्त जाचते आणि सीटमधून येणारे हादरे बरेचसे त्याच टप्प्यातले असतात. सीटचं सस्पेन्शन गेलं असेल तर प्रत्येक खड्डा सरळ कमरेत बसतो, त्याची तक्रार तोंडी नको, लेखी द्या. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या, कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी. आणि उतरल्या उतरल्या वाकून सामान उचलायचं नाही, आधी पाच मिनिटं चालायचं.

पोटरीपर्यंत कळ म्हणजे नस दबत असू शकते, दाखवून घ्या. जांघेत बधिरपणा आला, पाय लुळा वाटला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, वाट बघू नका.

बीपीचं म्हणालीस म्हणून सांगते, जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या डबलडेकर बसवाल्यांचा अभ्यास छापला होता. गाडी तीच, पण कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करायचे आणि ड्रायव्हर बसून, हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. त्यामुळे फेऱ्यांच्या मधल्या वेळेत सीटवरच बसून राहू नका म्हणावं.

टॅक्सीवाल्याची_बायको:
बाबा घोरतात का गं? माझे मिस्टर घोरता घोरता एकदम गप्प व्हायचे, मी अंधारात मोजत बसायचे, आठ, नऊ, दहा, मग दचकून श्वास घ्यायचे. दिवसा सिग्नलला मान पडायची. स्लीप अ‍ॅप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास मध्येमध्ये थांबायचा आजार. लायसन जाईल या भीतीने वर्षभर कुणाला सांगितलंच नाही त्यांनी. ८० च्या स्पीडला तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ६५ मीटरच्या वर पुढे जाते, आणि मागे लोक बसलेले असतात. बीपी गोळीला दाद देत नसेल तर झोपेची तपासणी नक्की करून घ्या, झोपताना श्वास चालू ठेवणारं मशीन लावायला लागल्यापासून यांचं बीपीही उतरलंय.

बसवाल्याची_लेक:
आईला विचारलं, म्हणाली श्वास थांबतो हे तिला कधीपासून माहितीये, ती हलवून कुशीवर वळवते. कुणी बोललंच नव्हतं घरात. तपासणीची वेळ घेतलीय, पाकीट पण काढून घेतलं आजच. पण बाबांना आठवडाआड रात्रपाळी असते, मग मशीन दिवसा लावायचं का?

टॅक्सीवाल्याची_बायको:
हो, झोपतील तेव्हा लावायचं, दिवस असो की रात्र. दुपारच्या झोपेलासुद्धा.